पालेभाजी रोजच्या ताटात कशी वाढवावी, पोट न बिघडवता

पोट साफ होत नाही म्हटलं की घरातले, शेजारचे आणि डॉक्टर सगळे एकच सांगतात: पालेभाज्या खा. माणूस मग उत्साहाने मेथीच्या दोन जुड्या आणतो, दोन्ही वेळा ताट भरून खातो, पोट फुगतं, गॅस होतो आणि तिसऱ्या दिवशी “मला पालेभाजी सोसत नाही” असं ठरवून टाकतो. सल्ला चांगला असतो, घाई नडते. आतड्यांना सवय लागायला वेळ द्यावा लागतो, आणि तो दिला तर बहुतेकांना पालेभाजी सोसते.

आधी हे समजून घ्या

पानांमधला चोथा, म्हणजे तंतुमय भाग, आपल्या पाचकरसांनी पचत नाही. तो जवळजवळ जसाच्या तसा मोठ्या आतड्यात पोचतो. शिरा आणि देठांमधला न विरघळणारा चोथा पाणी धरून ठेवतो, त्यामुळे मळ मऊ आणि भरीव होतो आणि पुढे सरकतो. मायाळूच्या पानांतला बुळबुळीतपणा किंवा पेक्टिन यांसारखा विरघळणारा भाग तिथल्या जिवाणूंचं अन्न बनतो. ते तो आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन हेच ब्युटिरेट. शिवाय हिरव्या पानांत सल्फोक्विनोव्होज नावाची एक साखर असते, आणि आतड्यातले काही उपयुक्त जिवाणू तिच्यावर पोसले जातात.

आंबवण्याच्या या कामात वायू तयार होणारच. चोथा अचानक तिप्पट केला तर वायूही त्या प्रमाणात वाढतो. सुरुवातीचं पोट फुगणं बहुधा त्यातलंच असतं.

पायरी १: आपलं पोट आज कसं आहे ते पाहा

आठवडाभर लक्ष ठेवा: शौचाला किती वेळा जाता, मळ कडक असतो की मऊ, कुंथावं लागतं का. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही सामान्य असू शकतं. रोज सकाळी झालंच पाहिजे या चिंतेने उगाच चूर्णं घेणारे खूप आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आतड्याची चाल जोखायची असेल तर एके दिवशी उकडलेल्या मक्याचे दाणे फारसे न चावता खा आणि ते मळात कधी दिसतात ते पाहा. एक-दोन दिवसांत दिसले तर ठीक. तीन दिवस उलटले तर चाल मंद आहे, अशा पोटाला पुढच्या पायऱ्या आणखी सावकाश लागतात.

पायरी २: मऊ भाजीने सुरुवात करा

पहिला आठवडा दिवसाआड एक वाटी, तीही दुपारच्या जेवणात. पालक, चाकवत किंवा तांदुळजा घ्या, चांगला शिजवून घोटलेला. ताकातला चाकवत यासाठी फार उत्तम. दुसऱ्या आठवड्यात रोज एक वाटी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मेथी, शेपू, मुळ्याचा पाला आणि देठांसकट परतलेला लाल माठ आणा. मेथीचा घोळाणा किंवा कच्च्या पानांची कोशिंबीर सगळ्यात शेवटी.

पोट फुगलं तर भाजी बंद करू नका, मागच्या आठवड्याच्या प्रमाणावर या आणि चार-पाच दिवस तिथेच थांबा.

दोष भाजीवर ढकलण्याआधी फोडणीही तपासा. पालेभाजीत आपण ठेचलेला लसूण घालतो, कांदा घालतो, वर हरभऱ्याची डाळ किंवा बेसन पेरतो. या सगळ्यांनी काही लोकांना पानांपेक्षा जास्त गॅस होतो. एकदा नुसत्या जिरे-हिंगाच्या फोडणीवर मूगडाळ घालून करून बघा, फरक कळेल.

पायरी ३: निवडताना देठ टाकू नका

जून, दोरे निघणारे देठ काढा, कोवळे ठेवा. माठाच्या जाड देठांची तर वेगळी भाजी होते. ते सोलून, तुकडे करून, डाळीबरोबर शिजवा. धुताना मोठ्या पातेल्यात भाजी बुडवा आणि हाताने वर उचलून काढा. पाणी ओतून टाकलं तर तळाची माती पुन्हा पानांवर बसते. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करा, चिरणं त्यानंतर. पावसाळ्यात पानांबरोबर चिखल, अळ्या आणि जंतांची अंडी येण्याची भीती जास्त, तेव्हा भाजी कच्ची खाऊ नये.

पायरी ४: शिजवा, घोटा, पण गाळू नका

शिजवल्याने चोथा नाहीसा होत नाही, मऊ होतो. घोटल्याने किंवा मिक्सरमधून काढल्यानेही जात नाही. जातो तो गाळल्यावर. पालकाचा गाळलेला रस सकाळी पिऊन पोटाला चोथा मिळेल असं समजू नका. तो गाळणीत राहिलेला असतो.

अळूत घशाला खाजवणारे ऑक्झलेटचे (पानांतल्या एका क्षाराचे) सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून ते पूर्ण शिजवायचं आणि चिंच किंवा आमसूल घालायचंच. पालक, माठ, राजगिरा यांतही ऑक्झलेट भरपूर. ज्यांना मुतखडा होऊन गेला आहे त्यांनी ही पानं उकळून पाणी टाकून द्यावं आणि सोबत दही किंवा ताक घ्यावं. दह्या-ताकातलं कॅल्शियम या ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं.

पायरी ५: भाजीसोबत काय, हे ठरवा

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार २००० कॅलरींच्या आहारात सुमारे ३० ग्रॅम तंतू हवेत. १०० ग्रॅम मेथीच्या पानांतून साधारण ५ ग्रॅम मिळतात, पालकातून जेमतेम अडीच. म्हणजे नुसत्या पालेभाजीवर हिशेब पुरा होणं अशक्य. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात मात्र जवळपास १० ग्रॅम तंतू असतात. पालेभाजी, दोन भाकऱ्या आणि मोडाची उसळ हे जेवण तो आकडा गाठायला खरी मदत करतं, पालेभाजी आणि मैद्याचा पाव नाही. अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून करतात, ती या दृष्टीने फार शहाणी भाजी आहे.

पाणी विसरू नका. चोथा वाढवला आणि पाणी तेवढंच ठेवलं तर मळ आणखी घट्ट होऊ शकतो. दिवसभरात दोन-अडीच लिटर, उन्हात काम असेल तर जास्त.

पायरी ६: भाजी बदलत राहा

वेगवेगळे जिवाणू वेगवेगळ्या प्रकारच्या चोथ्यावर जगतात, म्हणून रोज पालकच नको. थंडीत मेथी, हरभऱ्याचा पाला, करडई. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, फोडशी, ओळखणाऱ्या माणसाकडून घेतलेली. शेवग्याचा पाला मिळेल तेव्हा. लाल माठ खाल्ल्यावर मळाला कधी तांबूस छटा येते, तिने घाबरू नका.

कुणी आधी डॉक्टरांना विचारावं

रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिन किंवा ॲसिट्रोम घेत असाल तर पालेभाजी अचानक वाढवू नका, पानांतलं ‘के’ जीवनसत्त्व औषधाचा परिणाम कमी करतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना अनेकदा पोटॅशियमचं पथ्य असतं, आणि पालेभाजीत ते असतं. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी किंवा आतडं कुठे अरुंद झालेलं असणाऱ्यांनी स्वतःच्या मनाने चोथा वाढवू नये. आणि मळातून रक्त, कारण नसताना घटणारं वजन, रक्तक्षय किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली बद्धकोष्ठता असेल, तर भाजीचे प्रयोग बाजूला ठेवून त्याच आठवड्यात तपासणी करून घ्या.