थ्रीडी प्रिंटच्या ठशाने चामड्यावर देवनागरी अक्षरं: पुसट ठसा कसा सुधारला

पाकिटावर नाव उठवायला पीएलएचा (थ्रीडी प्रिंटरमधलं नेहमीचं प्लास्टिक) ठसा छापला, पण अक्षरं पुसट आली आणि भोवती चौकटीची रेघ उमटली. चुका तीन होत्या.

पहिली चामड्याची. क्रोम टॅन, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्यावर ठसा टिकत नाही. धारावीत घेताना व्हेज टॅनच (झाडांच्या सालीच्या अर्काने कमावलेलं) मागा, जाडी 2 ते 3 मिमी. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा: मुरून डाग गडद झाला तर घ्या, थेंब मोत्यासारखा वर बसला तर राहू द्या.

दुसरी ठशाची. 0.4 मिमीच्या नोझलला (प्रिंटरची प्लास्टिक सोडणारी तोटी) 0.8 मिमीपेक्षा बारीक रेघ धड जमत नाही, म्हणून जाड फॉन्ट घेतला. ‘श’, ‘क्ष’ यांच्या पोटातली फट किमान 1 मिमी ठेवली, नाहीतर ती बुजते. उठाव 2 मिमी, तळ 4 मिमी, इन्फिल (आतला भराव) 100 टक्के. तळाच्या कडा गोल केल्या, चौकटीची रेघ गेली. अक्षरं आरशातल्यासारखी उलटी करायला विसरू नका!

तिसरी ओलाव्याची, आणि खरी मेख इथेच आहे. चामडं स्पंजने भिजवून लगेच दाबलं की ठसा फुगून परत वर येतो. मूळ रंग परतू लागला, पण गालाला लावल्यावर गार लागतंय, तेव्हा दाबायचं. दोन प्लायच्या तुकड्यांमध्ये ठेवून सी क्लॅम्प घट्ट आवळा, 15 मिनिटं. गरम इस्त्री नको, पीएलए 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं.

मुंबईच्या पावसाळ्यात फिलामेंट (प्रिंटरमध्ये घालायची प्लास्टिकची तार) ओलावा धरतं, छापताना बारीक तंतू सुटतात. आधी 45 अंशांवर 6 तास वाळवा. ठसा उठवलेलं चामडंही पंख्याखाली पूर्ण सुकवा, बुरशी लवकर धरते.