कंपनी बंद पडतेय म्हणून लेन्स विकताय? या चुका टाळा

बातमी आली की दुसऱ्याच दिवशी 'अर्जंट सेल' लावायचा, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मी स्वतः केली आहे. २४ जून २०२० ला ऑलिंपसने कॅमेऱ्यांचा धंदा विकणार असल्याचं जाहीर केलं. माझ्याकडे त्यांची १२-४० एफ २.८ ही झूम लेन्स होती. लॉकडाउनमुळे लग्नाच्या ऑर्डरी बुडालेल्या, त्यात ही बातमी. आता हिला कुणी विचारणार नाही म्हणून आठवड्याच्या आत २२ हजारांना काढली. घेणारा मास्क लावून सोसायटीच्या गेटवर आला, फोकस रिंग मागे ओढून अंतराचे आकडे पाहिले, टॉर्चने काच तपासली आणि एका शब्दाचीही घासाघीस न करता पैसे दिले. तिथेच डोक्यात उजेड पडायला हवा होता. १ जानेवारी २०२१ पासून ओएम डिजिटल सोल्युशन्स या नव्या कंपनीने ऑलिंपसचंच माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायची कडी, पुढे चालवलं. पॅनासॉनिकच्या कॅमेरा बॉडीही त्याच माउंटच्या, हे मला तेव्हाही ठाऊक होतं! पुढे तीच लेन्स दुसरीकडून ३१ हजारांना घेतली. आता अशी बातमी आली की मी तीन महिने लेन्स कपाटाबाहेर काढत नाही.

याच्या उलट टोकाचे नवशिके: 'कंपनी बंद, म्हणजे अँटिक, भाव चढणार.' क्योसेराने २००५ मध्ये कॉन्टॅक्स हा आपला कॅमेऱ्यांचा ब्रँड गुंडाळला, तरी त्या माउंटच्या मॅन्युअल झाइस लेन्सना आजही गिऱ्हाईक आहे. कारण अपर्चरची (आत येणारा उजेड कमी-जास्त करायची) रिंग लेन्सवरच, फोकस हाताने. दोन माउंट जुळवणारा साधा अडॅप्टर लावा, मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांवर, चालते. सॅमसंगच्या एनएक्स माउंटचं तसं नाही. २०१४ चा एनएक्स१ झकास कॅमेरा होता, पण नंतर सॅमसंगने कॅमेऱ्यांचा गाशा गुंडाळला. त्यातल्या बऱ्याच लेन्सचं अपर्चर आणि फोकस दोन्ही बॉडीच्या विजेवर. नुसती लेन्स हातात घेऊन फोकसची रिंग फिरवा, आत काहीच हलत नाही. अशी लेन्स बॉडीच्या जिवावर जगते. म्हणून माझा पहिला प्रश्न एकच: या माउंटची नवी बॉडी आज कोण बनवतंय? कुणीच नाही, तर बॉडीसकट सेट विका. सुटी लेन्स पडून राहील.

कंपनी जिवंत आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कॅननने १९८७ मध्ये ईएफ माउंट आणलं आणि त्यांच्याच आधीच्या माउंटच्या एफडी लेन्स मिररलेस येईपर्यंत मातीमोल होत्या.

जाहिरातीतला आकडा म्हणजे भाव नव्हे. विकल्या गेलेल्या वस्तूंचे आकडे पाहा. हे दहा मिनिटांचं काम लोकांना जड का जातं, कोण जाणे.

भाव चढेल म्हणून लेन्स ठेवून द्यायची असेल, तर आधी पावसाळ्याची सोय बघा. बुरशी लागलेली काच बंद कंपनीची असो की चालू, दुकानदार निम्म्यावरच बोलणी सुरू करतो. हवाबंद डबा, सिलिका जेल, आणि पंधरवड्याला एकदा बाहेर काढणं, एवढं मी करतो. तांदळाच्या डब्यात मात्र ठेवू नका. रिंगच्या फटीत तांदळाची पिठी बसलेली लेन्स माझ्याकडे दोनदा आली आहे.