बांधकाम व्यवस्थापन शिकताना या चुका टाळा

आपल्याकडील बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत बांधकाम व्यवस्थापन हा स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदवीतील एक विषय असतो, आणि म्हणूनच विद्यार्थी त्याला शेवटच्या पंधरवड्यात उरकण्याचा विषय समजतात. पाठांतरावर पेपर निघतोही. मात्र अंतिम वर्षाच्या प्रकल्पात एखाद्या शाळेच्या इमारतीचे वेळापत्रक मांडण्याची वेळ आली की त्यातील दिवस कोठून आणायचे, हेच कळत नाही.

सर्वांत मोठी चूक येथेच होते. पुस्तकातील सोडवलेल्या उदाहरणातून कालावधी उचलला जातो आणि "वीटकाम १० दिवस" असे लिहून विद्यार्थी मोकळा होतो. वास्तविक कालावधी म्हणजे कामाचे परिमाण भागिले मिस्त्री-मजुरांच्या टोळीचे दिवसाचे काम, आणि हा दुसरा आकडा गावातच मिळतो. ग्रामपंचायतीचे किंवा अंगणवाडीचे बांधकाम सुरू असेल तेथे सकाळी जावे, किती मिस्त्री व किती मजूर आहेत ते लिहून घ्यावे आणि संध्याकाळी तयार झालेल्या भिंतीची लांबी, उंची व जाडी स्वतः मोजावी. असे काही दिवस केले की आकडा रोज सारखा येत नाही हेही लक्षात येते. जूनमध्ये पेरणी सुरू झाली आणि दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीला आला की मजूर शेताकडे वळतात. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा काम सकाळी लवकर सुरू करून दुपारी थांबवावे लागते. काळ्या मातीतील पायाचे खोदकाम जुलैमध्ये दाखवणारे वेळापत्रक तर खोलीत बसून केलेले आहे हे परीक्षकाला लगेच कळते, कारण पावसात त्या खड्ड्यात पाणी साचते आणि बाजू ढासळतात.

दुसरी चूक वाट पाहण्याच्या दिवसांची. ज्या कामाला मजूर लागत नाहीत त्याला दिवसही लागत नाहीत, असे गृहीत धरून स्लॅबनंतर लगेच खालचे प्लास्टर सुरू केले जाते. काँक्रीट बांधकामाच्या आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलंड सिमेंटच्या स्लॅबखालचे टेकू ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्यासाठी (दोन आधारांमधील अंतर) किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्यासाठी १४ दिवस ठेवावे लागतात. हा काळ नेटवर्कमध्ये, म्हणजे कामांचा क्रम व कालावधी दाखवणाऱ्या आकृतीत, स्वतंत्र दाखवला नाही तर एकूण मुदत फसवी निघते.

नेटवर्कचे गणित चुकले असल्यास ते ओळखणे अवघड नाही. फॉरवर्ड पासमध्ये, म्हणजे सुरुवातीपासून शेवटाकडे दिवस मोजताना, जेथे अनेक वाटा मिळतात तेथे मोठी संख्या घ्यायची आणि बॅकवर्ड पासमध्ये, म्हणजे शेवटापासून मागे येताना, जेथून अनेक वाटा फुटतात तेथे लहान. विद्यार्थी नेमकी येथे अदलाबदल करतात. बॅकवर्ड पास करत पहिल्या घटनेपर्यंत (आकृतीतील सुरुवातीच्या बिंदूपर्यंत) आल्यावर उत्तर शून्य आले नाही, किंवा बाहेरून मुदत घातलेली नसताना कोठे फ्लोट, म्हणजे काम लांबवता येण्याजोगे मोकळे दिवस, ऋण दिसला, तर पुढे न जाता मागे येऊन बेरीज-वजाबाकी तपासावी.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळीच तक्रार ऐकू येते: आधीचे काम कमी दिवसांत उरकले तरी पुढची कामे अलीकडे सरकत नाहीत. कारण बहुधा असे असते की प्रत्येक कामाची सुरुवातीची तारीख हाताने भरलेली असते आणि सॉफ्टवेअर तिला "याआधी सुरू करू नये" असे बंधन मानते. ते बंधन काढून कामे एकमेकांना जोडावीत. मूळ कॅलेंडर शनिवार-रविवार सुटी धरते. आपल्याकडे साइटवर सुटी आठवडी बाजाराच्या दिवशी असते, कारण त्याच दिवशी मजुरीचा चुकारा होतो. तेव्हा कॅलेंडर आधी बदलावे. क्युरिंग (काँक्रीट पाण्याने ओले ठेवणे) मात्र सुटीच्या दिवशीही चालूच असते, म्हणून ते सलग दिवसांत भरावे.

अंदाजपत्रकात घोटाळा एककांचा होतो. दरसूची घनमीटरमध्ये असते आणि रेतीवाला ब्रासमध्ये बोलतो. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर. १:१.५:३ (सिमेंट, रेती, खडी) प्रमाणाच्या एका घनमीटर काँक्रीटला सुमारे ८ पोती सिमेंट लागते. उत्तर सव्वापाच पोत्यांच्या आसपास आले असेल तर तयार काँक्रीटपेक्षा कोरडा माल जास्त लागतो म्हणून धरायचा १.५४ हा गुणक विसरला आहे, असे समजावे.

प्रकल्प का रखडतात या प्रश्नाला तीच ती साचेबद्ध कारणे लिहिण्यापेक्षा विदर्भातील वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचा आधार घ्यावा. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या या प्रकल्पाचा मूळ अंदाज सुमारे ३७२ कोटी रुपयांचा होता आणि तो पुढे हजारो कोटींवर गेला. भूसंपादन आणि पुनर्वसन यांचा वेळापत्रकावर कसा परिणाम होतो हे त्यातून दाखवता येते.

इंटर्नशिपसाठी नागपूर-पुण्याच्या मोठ्या कंपनीचीच वाट पाहणे हीही चूकच. पंचायत समितीच्या बांधकाम विभागातील कनिष्ठ अभियंत्याकडे महाविद्यालयाचे पत्र घेऊन जावे आणि त्यांच्यासोबत मोजमापाला उभे राहू देण्याची विनंती करावी. मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी, उंची कशी नोंदवतात आणि त्यावरून ठेकेदाराचे देयक कसे तयार होते, हे तेथे प्रत्यक्ष पाहता येते. केवळ प्रमाणपत्र घेऊन परत येणाऱ्यांना तोंडी परीक्षेत नेमका त्यावरचाच प्रश्न अडवतो.