फौजेतून घरी आल्यावर: माळरान, हुरडा आणि घरची माणसं

जवान पस्तिशी-चाळिशीत पेन्शनवर येतो, तेव्हा घराची घडी त्याच्याशिवाय बसलेली असते. बायकोनं गॅस, शाळा, सासूचं औषधपाणी एकटीनं निभावलेलं असतं. पोरांना वडील माहीत असतात ते सुट्टीपुरते. अशांना समोरासमोर बसवून ‘आता बोला’ म्हटलं तर कुणी तोंड उघडत नाही. हाताला काम आणि नजरेला काही पाहायला असलं की बोलणं आपसूक निघतं. त्यासाठी सोलापूरच्या आसपास अर्ध्या दिवसाची सहल पुरे. पहिल्या खेपेला पाहुणे, शेजारी, बॅचवाले कुणी नकोत.

नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हे दिवस धरा. नंतर सोलापूरचं ऊन नऊ वाजताच अंगावर येतं.

सकाळी नान्नजला जा. बार्शी रोडनं शहरापासून वीसेक किलोमीटर. अभयारण्य १९७९ सालचं, माळढोक या माळरानावरच्या मोठ्या पक्ष्यासाठीचं; पण माळढोक दाखवतो असं पोरांना कबूल करू नका, तो आता जवळपास दिसतच नाही. काळविटं, चंडोल, हिवाळ्यात आलेले भोवत्या हे शिकारी पक्षी आहेत, नशीब असेल तर लांडगाही. प्रवेशाचे नियम आणि वेळा वनखात्याकडे आधी विचारून घ्या. मोकळ्या माळाचा एक फायदा असा, की चहूकडे लांबवर दिसतं. गर्दीत पाठ उघडी राहिली की ज्याला चैन पडत नाही, तो इथं निवांत चालतो.

दुर्बीण एकच न्या, ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी. दहापट मोठं दाखवणारी हातात जास्त हलते आणि पोरांना पक्षी सापडेपर्यंत तो उडून जातो. ही दुर्बीण धाकट्याच्या गळ्यात. तुमचं काम फक्त जागा सांगायचं, फायरिंग रेंजवर सांगता तसं, घड्याळाच्या आकड्यांनी: ‘समोरची बाभळ म्हणजे बारा. दोन वाजता, दगडाच्या डावीकडे.’ पोरं हे दहा मिनिटांत शिकतात आणि मग उलट तुम्हालाच सांगू लागतात. तिथं चुका काढू नका. रांग, वेळेची सक्ती, पाण्याच्या बाटल्यांची तपासणी गाडीतच राहू द्या. पहिली सहल बहुतेक वेळा इथंच फसते. कुठं थांबायचं, कधी परतायचं हे त्या दिवशी बाकीचे ठरवतील. माणशी दीड लिटर पाणी आणि टोप्या एवढी तयारी पुरते.

दहाच्या सुमारास हुरडा. अभयारण्यात विस्तव अजिबात नाही. नातलगाच्या किंवा ओळखीच्या शेतात जा. माणशी सहा-आठ कणसं. दाणा चिमटीत पिचला पाहिजे, टणक झाला असेल तर ते कणीस सोडा. वीतभर खोल आगटी खणून गोवऱ्या पेटवा आणि ज्वाळ बसून निखारा फुलेपर्यंत थांबा, अर्धा तास तरी. घाई करून ज्वाळेवर धरलं की दाण्यावरची कूस जळते, दाणा आत कच्चा. कणसं निखाऱ्यात खुपसून फिरवत राहा, तीन-चार मिनिटांत वास सुटतो. काढून झटका आणि गरम असतानाच चोळा. गार झालं की दाणा सुटत नाही. चोळणारे तुम्ही, पाखडणारी पोरं. सोबत शेंगाचटणी, गूळ, दही. मोबाइल कुणाला आठवत नाही, कारण हात राखेनं भरलेले असतात.

घरच्यांसाठी थोडं. फटाके, खाणीतले सुरुंग, अचानक आवाज यांनी फौजेतून आलेले दचकत असतील तर ‘एवढं काय झालं’ म्हणू नका. आवाज होणार असेल तर आधी सांगा. संक्रांतीच्या गड्ड्यातलं, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेतलं, शोभेचं दारूकाम पहिल्या वर्षी टाळलेलं बरं. तोफखान्यातून आलेल्यांना एका कानानं कमी ऐकू येणं नवं नाही, बऱ्या कानाच्या बाजूनं चाला. गुडघे कुरकुरत असतील तर नान्नजऐवजी तुळजापूर रोडचा हिप्परगा तलाव. तिथं बसल्या जागेवरून पक्षी दिसतात. झोप उडणं, भडकणं, एकटं राहणं आठवडेच्या आठवडे चाललं तर सहलीनं ते भागणार नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, फोन फुकट आहे. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतल्या डॉक्टरांनाही स्पष्ट सांगा.

दुसरी सहल पंधरा दिवसांच्या आत ठेवा आणि तारीख परतीच्या गाडीतच ठरवा. या वेळी जागा बायकोची. तिला हत्तरसंग-कुडलचा भीमा-सीना संगम हवा की माचणूरचा घाट, यावर तुमचं मत विचारलं तरच द्या.