लिम्फोमा बरा झाल्यावर दुसऱ्या कॅन्सरवर नजर कशी ठेवाल?

लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर; त्यावरच्या औषधांमुळे व रेडिएशनमुळे पुढे दुसरा कॅन्सर होऊ शकतो. म्हणून आधी उपचारांचा सारांश लेखी मागून घ्या. त्यात तीन गोष्टी हव्यातच: औषधांची नावे आणि एकूण मात्रा, रेडिएशन शरीराच्या नेमक्या कुठल्या भागाला व किती ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचे एकक) दिले, आणि तेव्हाचे वय. नुसते 'केमो झाली' एवढ्याने पुढच्या डॉक्टरला काहीच कळत नाही. जुन्या फायली गहाळ होतात, म्हणून हे काम लांबवू नका.

छातीला रेडिएशन मिळालेल्या स्त्रियांनी सर्वाधिक सावध राहावे, विशेषतः ते १० ते ३० या वयात मिळाले असेल तर. साधारण ८ वर्षांनी, पण वयाच्या पंचविशीआधी नाही, दरवर्षी स्तनांचा एमआरआय आणि मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) सुरू करतात. तरुण स्तनाची ऊती दाट असते, त्यात एकट्या मॅमोग्राफीतून गाठ निसटू शकते.

सायक्लोफॉस्फामाइड, प्रोकार्बाझिनसारख्या केमोच्या औषधांनंतरचा रक्ताचा कॅन्सर बहुधा पहिल्या १० वर्षांत दिसतो. इटोपोसाइड या केमोच्याच औषधानंतरचा त्याहून लवकर, १ ते ३ वर्षांत. अकारण थकवा, निळे-काळे डाग, वारंवार ताप आल्यास सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा. घन गाठींचे (स्तन, फुप्फुस अशा अवयवांतल्या कॅन्सरचे) मात्र उलट: धोका १० वर्षांनंतरही वाढतच राहतो. 'पाच वर्षे झाली, सुटलो' म्हणून तपासण्या थांबवणे ही नेहमीची चूक.

तंबाखू पूर्ण बंद. छातीचे रेडिएशन आणि धूम्रपान एकत्र आले की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कैक पटींनी वाढतो. रेडिएशनच्या जागेवरची त्वचा उन्हापासून झाका. मान त्या क्षेत्रात असेल तर थायरॉइड दरवर्षी डॉक्टरांकडून चाचपून घ्या.