अमेरिकेतील सरकारी शाळेत जाण्यापूर्वी रजेची बोलणी : सोलापूरच्या शिक्षकांसाठी तयारीची यादी

जे-१ व्हिसावर (आदानप्रदान कार्यक्रमांसाठीचा तात्पुरता व्हिसा) अमेरिकेतील सरकारी शाळेत शिकवायला जाणाऱ्यांनी रजेची बोलणी करारावर सही करण्यापूर्वीच करावीत. पदवी आणि अनुभवाचे दाखले कोणी विसरत नाही. ते येथे सोडून देतो.

प्रथम त्या स्कूल डिस्ट्रिक्टचे, म्हणजे तेथील सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेचे, येत्या वर्षाचे कॅलेंडर मागवावे आणि आपले पंचांग शेजारी ठेवून वाचावे. आषाढी तेथील उन्हाळी सुट्टीत येते, तिची चिंता नको. दिवाळीची सुट्टी न्यूयॉर्क शहरासारख्या मोजक्याच ठिकाणी असते. अडचण संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या आपल्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेची आहे. नाताळची सुट्टी साधारण दोन आठवड्यांची असते आणि शाळा बहुधा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भरते. त्यामुळे भोगीच्या दिवशी सम्मती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्याला हजर राहायचे, तर मधले कामाचे दिवस रजा टाकूनच काढावे लागतात.

म्हणून सुट्टीला जोडून रजा मिळते का, हे विचारावे. अनेक डिस्ट्रिक्टमध्ये सुट्टीच्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी पर्सनल लीव्ह देतच नाहीत. इकडे मुख्याध्यापक समजून घेतात आणि किरकोळ रजा जोडून देतात. त्या सवयीने प्रिन्सिपलच्या तोंडी होकारावर विसंबू नये, मी विसंबलो आणि ती रजा नामंजूर झाली. जेथे शिक्षक संघटनेचा सामूहिक करार आहे, तेथे रजेचे नियम त्यातच ठरलेले असतात आणि प्रिन्सिपलला ते बदलता येत नाहीत. तेव्हा सुट्टीला जोडून रजा मिळते का, हा प्रश्न एचआर विभागाला ईमेलने, नेमक्या तारखा घालून विचारावा. उत्तर मोघम आले तर पुन्हा विचारावे. भिडेपोटी गप्प बसू नये.

बिनपगारी रजेची तयारी असेल तर कपातीचा हिशेबही मागावा. वार्षिक पगाराला ३६५ ने नव्हे, तर करारातील कामाच्या दिवसांनी भागतात आणि ते बहुतेक ठिकाणी १८० ते १९० च्या आसपास असतात, त्यामुळे एका दिवसाची कपात अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट निघते. उन्हाळ्यातले महिनेही भरपगारी रजेचे नसतात. पगार बारा हप्त्यांत आला तरी तो कामाच्या दिवसांचाच असतो. सिक लीव्ह यात्रेसाठी वापरण्याचा विचारही करू नये.

डीएस-२०१९ वर, म्हणजे जे-१ व्हिसासाठी प्रायोजक संस्था देते त्या पात्रतेच्या दाखल्यावर, त्या संस्थेची प्रवासासाठीची सही निघण्यापूर्वी घ्यावी, कारण परत प्रवेश करताना ती पाहतात. व्हिसाची मुदत तपासावी. वर्गासाठी बदली शिक्षकाचे पाठ लिहून ठेवावेत. तिकीट सर्वांत शेवटी काढावे, आणि तेही सुट्टीला जोडून घेतलेल्या प्रत्येक दिवसाची तारीख लेखी मंजुरीत आहे हे पाहिल्यावरच.