विमान उतरताना लेकीचा कान दुखायचा, तेव्हा

दिवाळीत पुण्याहून नागपूरला येताना आमची चार वर्षांची पोट्टी सोनेगावच्या विमानतळावर विमान टेकेपर्यंत कान धरून हंबरडा फोडत होती. आईनं परतीसाठी कापूस दिला होता, पण दुखणं बाहेरच्या वाऱ्याचं नव्हतंच. विमान खाली येतं तसा केबिनमधला हवेचा दाब वाढतो. कानाच्या पडद्यामागचा मात्र कमीच राहतो आणि पडदा आत ओढला जातो. घशातून कानात जाणारी नळी गिळताना उघडते, तेव्हा दोन्ही दाब सारखे होतात. लहान मुलांची ही नळी अरुंद आणि बरीच आडवी असते, म्हणून त्यांना त्रास जास्त.

माझी चूक एकच होती: मी तिला झोपू दिलं. झोपेत गिळणं फार कमी होतं.

परतीला उतरण्याच्या अर्धा तास आधीच तिला उठवलं. मांडीवर सरळ बसवून स्ट्रॉच्या बाटलीतून पाणी, एकेक घोट. मध्ये संत्र्याची फोड, बिया काढून. एकदा तिनं कान धरलाच, मी मोठी जांभई दिली, तिनंही दिली, आणि म्हणाली, "बाबा, कानात टप् झालं!" मला भरूनच आलं.

तान्ह्या बाळाला त्या वेळी अंगावर पाजा किंवा बाटली द्या. सर्दी किंवा कानाचं दुखणं असेल तर निघण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मनानं नाकात थेंब घालू नका.